दुसऱ्याच्या ओठांवरचं

"तोंड इकडे करून बोल."

हे वाक्य कांडीच्या तोंडात कायम. आईला म्हणायची, आत्याला म्हणायची, दारात आलेल्या पोस्टमनलाही म्हणायची. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं तिला जमतच नसे. त्यात उद्धटपणा नव्हता. ज्या घरात ती वाढली, ज्या कामाच्या सावलीत वाढली, तिथं हे वाक्य 'या, बसा' इतकं साधं होतं.

तिचे वडील मागावर होते. सहा माग एकटे सांभाळायचे. लांबट पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. सकाळी माग सुरू झाले की आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे, तिकडून इकडे धावायला लागत आणि अठ्ठेचाळीस मागांचा खडखडाट एकदम अंगावर येई. त्यात माणसाच्या आवाजाला काही किंमत उरत नसे. शेडमध्ये जो ओरडायचा तो नवखा, हे लगेच कळायचं. जुनी माणसं आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवत, मोठे, सावकाश, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखे. चाळीस फुटांवरचा माणूस ते वाचे आणि मान डोलवे.

अशी ही बिनआवाजाची बोली. तिच्यात प्रेमं जमली, सोयरिकी ठरल्या. एक नवरा-बायको तर दोन टोकांच्या मागांवरून सकाळभर भांडत आणि त्यांचा एक धागा तुटत नसे. माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला ओठ झाकणाऱ्या झुपकेदार मिशा होत्या. त्याचं बोलणं कुणालाच वाचता येईना. शेवटी बायकांनीच त्याला बजावलं, "मिस्त्री, मिशा तरी कापा, नाहीतर चिठ्ठ्या लिहून आणा." दुसऱ्या दिवशी मिस्त्री गुळगुळीत होऊन आला, तेव्हा त्याच्या बायकोलाही त्याला ओळखायला वेळ लागला म्हणतात.

कांडीची आई त्याच शेडच्या कोपऱ्यात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या लाकडी दांडक्यांवर सूत गुंडाळायची. शाळा सुटली की पोरगी तिच्याजवळ येऊन बसे. अंगानं इतकी बारीक की मिस्त्रीनं तिचं नाव कांडी ठेवलं आणि तेच राहिलं. चार वर्षांची असल्यापासून ती ओठ वाचायची. नऊ वर्षांची झाली तेव्हा शेडमध्ये तिच्यासारखी नजर कुणाची नव्हती. ओठांची एक कड दिसली तरी तिला पुरे.

पण या बोलीला एक रीत होती, आणि ती मोडणाऱ्याला शेडमध्ये मान नव्हता. दोन माणसं आपसात बोलत असतील आणि ते बोलणं तुमच्यासाठी नसेल, तर नजर खाली, आपल्या कापडावर. पाहायचं नाही.

कांडीनं ती रीत नऊ वर्षांची असताना मोडली. कांड्या भरणारी एक बाई मैत्रिणीला सांगत होती की नवरा सोडून गेलाय, कुणाला कळू देऊ नकोस. कांडीनं ते वाचलं आणि गंमत म्हणून आत्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. ती बाई पुन्हा कामावर आली नाही.

वडिलांनी कांडीला शेडच्या मागे, जिथं आवाज कमी येतो तिथं नेलं. हाताची मूठ करायला लावली. मग रिकाम्या कांडीनं तिच्या बोटांच्या सांध्यांवर दोन रट्टे दिले.

"का मारलं?"

"आत्याला सांगितलं म्हणून."

"नाही. त्याच्या आधी." वडील तिच्यासमोर उकिडवे बसले. "शेडमध्ये कुणाला ओठ झाकता येत नाहीत. हात कामात असतात. म्हणून बघणाऱ्यानं डोळे खाली करायचे. दुसऱ्याच्या ओठांवरचं उचलायचं नाही. ती चोरी. समजलं?"

"समजलं."

"तोंड वर करून सांग."

"समजलं, बाबा."

सांधे आठवडाभर सुजले होते.

पोरगी हुशार निघाली. बारावीला तिला इतके गुण पडले की आत्यानं शेजारच्या चार शेडमध्ये जाऊन सांगितलं, आणि तेही आवाज काढून, म्हणजे किती आनंद झाला असेल बघा. वडिलांनी शेडमालकाकडून एक दिवस सुटी मागितली, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली आणि तिला बसनं कॉलेजच्या वसतिगृहात सोडून आले. निघताना म्हणाले, "मोठी माणसं आहेत इथं. नीट राहा."

कॉलेजची इमारत तीन मजली. भिंती कमी आणि काचा जास्त. कॅन्टीनला काच, वाचनालयाला काच, ऑफिसच्या खिडकीला काच, प्राचार्यांच्या खोलीची एक बाजू अख्खी काचेची. कांडीला वाटलं, किती मोकळी माणसं आहेत ही, काही लपवतच नाहीत.

पहिल्या तासाला हजेरी झाली. सर आकडे म्हणत होते. "बेचाळीस?"

"हजर!"

खिडकीतली दोन कबुतरं उडाली. घरात, गल्लीत सगळे असेच बोलत. मागांवर कान गेलेल्या माणसांशी बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं, आणि तिचेही कान तसे थोडे जड होते. वर्ग हसला. सर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "बाई, मी याच वर्गात आहे. पलीकडच्या गावात नाही."

वर्ग पुन्हा हसला. तीही हसली. तिला वाटलं, सगळे हसतात तर आपणही हसावं.

मग सर फळ्याकडे वळले आणि लिहिता लिहिता शिकवायला लागले. कांडीला काहीच कळेना. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग उभी राहिली आणि मोकळेपणानं म्हणाली, "सर, तोंड इकडे करून बोला."

सरांचा खडू हवेतच राहिला. सावकाश वळून ते म्हणाले, "मग फळ्यावर काय पाठीनं लिहू?"

ते हसणं थांबायला बराच वेळ लागला. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा, ज्याला सगळे टॉवर म्हणत, तोंडापुढे हाताचं नरसाळं करून म्हणाला, "भोंगा झाला रे, शिफ्ट सुटली!" दुपारपर्यंत तिचं नाव भोंगा झालं. बेचाळीस नंबरचं खरं नाव काय, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात रसायनाच्या प्रयोगशाळेत टेबलं वाटली गेली. एका टेबलावर चौघं. वर्षअखेरचा प्रयोग त्याच चौघांनी मिळून करायचा, गट नाही तर गुण नाहीत, असं मॅडमनी सांगितलं. खिडकीजवळच्या टेबलावर तिघं होती: दातांच्या डॉक्टरची लेक, तिची कुरळ्या केसांची मैत्रीण आणि टॉवर. चौथं स्टूल रिकामं होतं. कांडी तिथं जाऊन उभी राहिली. डॉक्टरच्या लेकीनं तिच्याकडे न पाहता आपली बॅग उचलली आणि स्टुलावर ठेवली.

"मॅडम, इथं एकजण आहे. आजारी आहे ती, येईल."

अशी कुणीच नव्हती. मॅडमनी कांडीला शेवटच्या टेबलावर एकटीला बसवलं, जिथला नळ गळायचा. "सहामाहीपर्यंत कुठंतरी सोय बघ," म्हणाल्या.

तिथं तिच्याशी पहिल्यांदा नीट बोललं ते प्रयोगशाळेतले काका. हे जुने शिपाई. अठ्ठावीस वर्षं बाटल्या भरत आलेले. ते अगदी जवळ येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलायचे. कांडीला ते आपल्यातलेच वाटले.

"तू मोठ्यानं बोलतेस ना, फार बरं वाटतं बघ," काका म्हणाले. "कोण आलं ते मला लगेच कळतं. बाकीची पोरं मेली मांजरासारखी येतात."

पण कांडीला काका नको होते. तिला खिडकीजवळचं ते स्टूल हवं होतं. तिघं टेबलावर कोपर टेकून एकमेकांत काहीतरी बोलत आणि हसत. शेडमध्ये आईजवळ बसून तिला जी ऊब मिळायची ती तिथं आहे, असं तिला वाटे. आणि सहामाही जवळ येत होती.

कॅन्टीनमध्ये ती एका टोकाला बसे, ती तिघं दुसऱ्या टोकाला. पहिल्या दिवसापासून ती तिघं काय बोलतात ते तिला दिसत होतं. आधी तिनं नजर ताटात ठेवली. चार दिवस ठेवली. पाचव्या दिवशी तिनं मान वर केली.

"डोक्यात बघ तिच्या. कापूस आहे कापूस," डॉक्टरची लेक म्हणत होती.

"उशी फुटली असेल," टॉवर.

"आणि वास! शिलाई मशिनला घालतात ना, ते तेल."

"हसते कशी माहितेय?" कुरळीनं सगळे दात दाखवून नक्कल केली. "अशी. तुझ्या बाबांना दात दाखवायला आल्यासारखी."

टॉवर पाणी पीत होता, तो हसता हसता भिजला.

कांडी त्या रात्री रडली का, हे कुणाला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी तिचे केस तीनदा धुतलेले होते. तेलाचा वास असलेले दोन्ही कपडे तिनं ट्रंकेच्या तळाला टाकले. हसताना ओठ मिटून घ्यायला लागली. आणि आवाज. वसतिगृहाच्या न्हाणीघरात खिळ्याला दोऱ्यानं पातळ कागदाची पट्टी टांगून ती तिच्यापुढे बोलायची. कागद हलता कामा नये. महिनाभरात तो हलेनासा झाला.

रोज दुपारी ती आपल्यातला एक दोष वाचायची आणि सकाळपर्यंत खोडून टाकायची. तिला वाटलं, दोष काय, मोजकेच असणार. कधीतरी संपतील.

एक दिवस ती वाचनालयाबाहेरच्या पायरीवर बसली होती. आत, काचेपलीकडे, तिघं होती. डॉक्टरची लेक म्हणाली, "जी मुलगी उद्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधून येईल ना, तिला आपलं चौथं स्टूल देऊन टाकायचं. मला लाल रिबिनी फार आवडतात." बाकीची दोघं पुस्तकात तोंड घालून गंभीरपणे हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कांडी आली. अठरा वर्षांची मुलगी, कानांवर दोन वेण्या, पहिलीतल्या पोरीसारखी लाल रिबिनीची दोन मोठी फुलं. प्रयोगशाळेच्या दारात ती उभी राहिली आणि तिला दिसलं की सगळा वर्ग तिचीच वाट पाहत होता. टॉवर टाळ्या वाजवत उठला.

"म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? भोंग्याला दिसतं!"

तेव्हा तिला कळलं की ते बोलणं तिच्यासाठीच ठेवलेलं होतं. उंदरासाठी तुकडा ठेवतात तसं. ती मागे फिरणार तेवढ्यात डॉक्टरची लेक तिच्याजवळ आली. पहिल्यांदाच इतकी जवळ.

"किती लांबून दिसतं तुला?"

"ओठ दिसले की झालं," कांडी हळूच म्हणाली. कागद हलला नसता.

डॉक्टरच्या लेकीनं स्टुलावरची बॅग उचलून खाली ठेवली. "बस."

कांडीनं रिबिनी सोडल्या नाहीत. तास संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली, रिबिनींसकट, आणि तिच्या आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

मग ती त्यांच्या कामाला आली. शिक्षकांच्या खोलीला काचेचं दार होतं. कोणता धडा चाचणीला येणार, कुणाचे गुण कापले, कोणत्या सरांचं कोणत्या मॅडमशी पटत नाही, सगळं ती समोरच्या जिन्यावरून वाचून आणायची. कोण कुणाच्या मागे आहे, कोण कुणाला सोडणार आहे, तेही. "चल गं भोंगा, आज काय बातमी?" म्हणत तिघं पुढे झुकायची आणि मधे तिचं तोंड असायचं. पहिल्या दिवशी वाचताना तिच्या उजव्या हाताचे सांधे दुखले होते. नंतर दुखायचे थांबले.

एकदा काका टेबलाजवळून जाताना ती म्हणाली, "काका, बाटली द्या ना."

काका थबकले. "कोण?"

"मी, काका."

"कोण मी?" ते जवळ येऊन तिच्या तोंडाकडे निरखून पाहायला लागले. टॉवर हसला. कांडीही हसली, ओठ मिटून.

सहामाहीच्या सुटीत ती घरी गेली. शेडमध्ये शिरली, तोच खडखडाट, तोच सुताचा भुगा हवेत. आईनं कांड्या भरता भरता मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. कांडी सांगायला लागली, मैत्रिणी मिळाल्या, खिडकीजवळ जागा आहे, चौथं स्टूल माझं आहे.

आईनं कपाळाला आठ्या घातल्या. ओठांनी म्हणाली, "तोंड इकडे करून बोल."

"इकडेच आहे, आई."

"काय?"

कांडीनं पुन्हा सांगितलं. आईला एक अक्षर लागलं नाही. शहरात आवाज दाबता दाबता तिचे ओठही मिटत गेले होते. बोलताना जेमतेम हलायचे. चार वर्षांची असताना जिच्याशी ती या बोलीत बोलायला लागली, त्या आईला ती आता वाचता येत नव्हती. आईनं उगाच मान डोलावली, समजलं असं दाखवायला, आणि पुन्हा सुताकडे वळली. शेजारच्या मागावरून वडिलांनी हे पाहिलं आणि रीतीप्रमाणे नजर खाली केली.

सुटी संपवून ती परतली, तर टेबलावर काहीतरी बदललं होतं. बातम्या आटल्या होत्या. चाचण्या संपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या काचेतून तिला दिसलं, डॉक्टरची लेक कुरळीला म्हणत होती, "ती नवीन आलेली मुलगी विचारत होती स्टुलाचं. तिच्याकडे गाडी आहे."

"आणि भोंगा?"

"गळक्या नळाशी चांगली दिसायची ती."

दुपारी कांडी ऑफिससमोरच्या बाकावर बसून काहीतरी शोधत होती. काहीही. जे दिसेल ते. ऑफिसच्या काचेपलीकडे हेडक्लार्कसमोर प्रयोगशाळेतले काका उभे होते.

"आठ महिने राहिलेत हो निवृत्तीला," काका म्हणत होते. "डोळ्यांवर पडदा आलाय. चिठ्ठ्या वाचता येत नाहीत बाटल्यांवरच्या. पण जागा पाठ आहेत मला, कुठली बाटली कुठं ते. चुकायचो नाही. तेवढं कुणाला बोलू नका."

कांडीनं डोळे खाली करायला हवे होते. तिनं केले नाहीत.

"आज एक बातमी आहे," ती टेबलावर म्हणाली. तिघं पुढे झुकली. किती दिवसांनी झुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या ती चौघं आत गेली. वरच्या फळीवर मोठ्या बाटल्या होत्या, एकीत तीव्र आम्ल, शेजारच्या बाटलीत तेच आम्ल पाणी घालून सौम्य केलेलं. दोन्ही पाण्यासारखीच दिसतात. काका रोज त्यातून टेबलावरच्या लहान बाटल्या भरायचे.

"तू फक्त दारात उभी राहा, भोंगा," टॉवर म्हणाला. "म्हातारा येतोय का बघ. जरा गंमत. त्यानं भरल्या की परत ठेवू."

"कुणाला लागेल का?" कांडीनं विचारलं.

"तुला स्टूल हवंय की नाही?" डॉक्टरची लेक म्हणाली, हसतच.

कांडी दारात उभी राहिली. टॉवरनं हात वर केला आणि बाटल्यांची अदलाबदल केली. त्याला स्टूलही लागलं नाही.

परत ठेवायला कुणालाच वेळ मिळाला नाही. काकांनी लहान बाटल्या भरल्या, घंटा झाली, मॅडम आल्या आणि नेहमीच्या सवयीनं सौम्य समजून त्यांनी त्यातली एक बाटली हातातल्या नळीत रिकामी केली. नळी उसळली. मॅडमच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी पडली आणि मग लाल. त्या ओरडल्या ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांना तिसऱ्या दिवशी जायला सांगितलं. आठ महिने उरलेले. ते आपला डबा आणि खुंटीवरचा सदरा घ्यायला आले तेव्हा कांडी शेवटच्या टेबलापाशी उभी होती. काका हातानं चाचपत तिच्या अगदी समोर आले.

"कोण आहे?"

ती बोलली नाही.

"ती एक पोरगी होती बघ," काका समोरच्या आकृतीला म्हणाले. "मोठ्यानं बोलायची. तिला सांगायचं होतं मी चाललो म्हणून. हल्ली आवाज येत नाही तिचा. सोडून गेली का?"

कांडीनं मान हलवली. हो की नाही, तेही काकांना दिसलं नाही.

बाटल्या कुणी हलवल्या याची चौकशी लागली; त्या सकाळी सगळ्यांत आधी आत गेली होती ती ही चौघंच. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर कांडीला बसवलं आणि आत तिघांना बोलावलं. मधे काच. आता तरी नजर खाली करावी, असं तिला एकदा वाटलं. पण तिला बघायचंच होतं.

"सर, तिनंच आम्हाला सांगितलं की काकांना दिसत नाही," डॉक्टरची लेक डोळे पुसत म्हणाली. "आम्ही म्हटलं, असं बोलू नये कुणाबद्दल. आणि त्या सकाळी ती आमच्याआधी आली होती. एकटीच."

टॉवरनं मान डोलावली.

प्राचार्य कुरळीकडे वळले. कुरळी आपली नखं पाहत होती. मग तिचे ओठ हलले.

"हो, सर."

कांडीचे वडील दुसऱ्या दिवशी आले. एक पाळी बुडवून, आत्यानं इस्त्री केलेला शर्ट घालून. प्राचार्यांच्या टेबलासमोर बाप-लेक शेजारी उभे राहिले. बाजूला हेडक्लार्क कागदांवर शिक्के मारत होता. वडिलांचा एक कान पूर्ण गेलेला, दुसरा अर्धा. ते प्राचार्यांच्या ओठांकडे टक लावून होते.

प्राचार्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या, मॅडमचा हात, म्हाताऱ्याची नोकरी. मग हेडक्लार्ककडे झुकून, आवाज जवळजवळ न काढता, ते म्हणाले, "असल्यांना घेतलं की हेच होतं. यांची जागा मागापाशी."

बापानं ते वाचलं. लेकीनंही वाचलं. आणि तिनं पाहिलं की ते बोलणं आपल्यासाठी नाही हे कळताच वडिलांनी नजर खाली केली. शेडमध्ये करतात तशी. तोंडावर थुंकलेलं असतानाही त्यांनी रीत मोडली नाही.

मग ते लेकीकडे वळले. नुसत्या ओठांनी, आवाज न काढता, विचारलं, "दुसऱ्याच्या ओठांवरचं उचललंस?"

"हो," कांडीनं ओठ मोठे उघडून सांगितलं.

"आणि वाटलंस?"

"हो."

प्राचार्यांना वाटलं, दोघं गप्प उभे आहेत.

वडील त्यांच्याकडे फिरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब, चूक हिचीच आहे. लहानपणी मारून सांगितलं होतं मी हिला. तरी हिनं केलं."

"म्हणजे कबूल?"

"कबूल."

प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं. चोरी कोणती आणि कबुली कशाची, हे त्या खोलीत एकट्या कांडीला ठाऊक होतं.

"बाबा," ती म्हणाली, "बाटल्यांना मी हात लावला नाही. मी दारात होते. साहेब, बाटल्या..."

ती बोलली. खरंच बोलली. पण त्या आवाजात, जो तिनं न्हाणीघरात महिनाभर घासून घासून बारीक केला होता. हेडक्लार्कचा शिक्का ठक ठक चालला होता. प्राचार्य लिहीत होते. वडिलांची मान खाली होती. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. बाबा, तोंड इकडे करा, एवढंच म्हणायचं होतं. जन्मभर म्हणत आलेली ती. या इमारतीत पहिल्या दिवसानंतर एकदाही म्हटलं नव्हतं. आता ते शब्द शोधले तर सापडेनात. मोठ्यानं ओरडावं, तर ओरडायचं कसं हेच घसा विसरला होता.

नाव कमी केल्याचा कागद वडिलांनी चार घड्या घालून खिशात ठेवला.

वसतिगृहातून ट्रंक काढून दोघं आवारात आले. वडील पुढे, ट्रंक खांद्यावर. ती चार पावलं मागे. दुपारची वेळ. पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळेची खिडकी, आणि खिडकीत तिघं. गाडीवाली नवीन मुलगी चौथ्या स्टुलावर बसून वह्या उघडत होती. टॉवरनं तोंडापुढे हाताचं नरसाळं केलं. डॉक्टरच्या लेकीनं एकदा खाली पाहिलं आणि ती वळून पुस्तक शोधायला लागली.

कुरळी मात्र काचेशी आली. दोन्ही तळवे काचेला लावले आणि बोलायला लागली. आवाज नाही. मोठे ओठ, सावकाश, एकेक अक्षर कोरून. हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं. एकदा म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. खाली चालणाऱ्या मुलीला फक्त मान वळवायची होती. इतक्या अंतरावरून तिला सहज वाचता आलं असतं, हे कुरळीला पक्कं माहीत होतं.

कांडीची नजर वडिलांच्या टाचांवर होती. फाटकापाशी वडील थांबले, ट्रंक एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली आणि पुन्हा चालू लागले. तीही चालू लागली. तिनं वर पाहिलं नाही.

वर काचेवर कुरळीच्या श्वासाची वाफ जमली होती. ती बाहीनं पुसून कुरळी अजूनही बोलत होती आणि फाटकाकडे पाहत होती, त्या दोघांची बस वळणाआड जाईपर्यंत.